आमच्या मॅडम पदवीधरला उभ्या राहायल्यात, काम करावं का नाही?

सीएचबीवाला
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजात एक मॅडम हायत, मी बी.ए.ला असताना राज्यशास्त्र शिकवायच्या. आता मी पण तिथंच तासिका तत्त्वावर (सीएचबी) हाय म्हणजे कागदावर आम्ही सहकारी, पण तोंडातून मॅडमशिवाय दुसरं निघत नाही. त्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातून उभं राहायचं म्हणायल्यात. माहेर राजकारणातलं. आजोबा झेडपीत होते, वडील दोन टर्म आमदार, चुलतभाऊ आता बाजार समितीत सभापती. सासर साधं, सर बँकेत. कॉलेज घरचं नाही, दुसऱ्याच संस्थेचं, सतरा वर्षं नोकरी झाली. हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न तोच येणार. नाव, गाव, पक्ष विचारू नका, सांगणार नाही.

मागच्या रविवारी आम्हा आठ-दहा जुन्या पोरांना घरी बोलावलं. मुरमुऱ्याचा सुशीला, चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा आणि निघताना प्रत्येकाच्या हातात फॉर्म 18 चा गठ्ठा. प्रत्येकानं पन्नास पदवीधर नोंदवायचे. मी घेतला. नाही म्हणायला जीभच उचलली नाही, कारण 2016 ला सेटची (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची) फी भरायला पैसे नव्हते तेव्हा याच मॅडमनी भरलेली आणि आजपर्यंत एकदा पण बोलून दाखवलं नाही.

पण डोक्यात किडा वळवळायलाय. याच मॅडमनी आम्हाला इंटर्नलला प्रश्न घातला होता की लोकशाहीत घराणेशाही कशी टिकते ते उदाहरणासह लिहा. मला 20 पैकी 17 पडलेले. उदाहरण मी त्यांच्याच घराचं लिहिलं होतं, मला माहीतच नव्हतं की त्या त्या घरातल्या हायत, कारण स्टाफरूमच्या पाटीवर सासरचं आडनाव. आणि आता पहिलं बॅनर लागलंय त्याच्यावर माहेरचं आडनाव ठळक आणि सासरचं खाली बारीक.

काम करावं का नाही ते सांगा. शिव्या चालतील.

हुरडा_आणि_चटणी
17 मार्क दिले ना, मग झालं की. बाई प्रामाणिक हाय.

गोदाकाठचा
हसण्यावारी नेऊ नका. दादा, एक सरळ विचारतो, तुला परमनंट करतो असं काही बोलणं झालंय का? झालं असंल तर धागा कशाला काढला, काम कर. झालं नसंल तर मग विचार कर.

सीएचबीवाला
नाही हो, तसं काहीच नाही. संस्था त्यांची नाहीच तर त्या कुठून करणार. उलट संस्थेचे लोक त्यांच्यावर नाराज हायत कारण संस्थेचा माणूस वेगळाच हाय या निवडणुकीत.

निवृत्त_नायब
मी तहसीलला निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली म्हणून आधी तुझ्या गठ्ठ्याचं सांगतो, बाकी नीती-अनीती नंतर.

पन्नास फॉर्म भरून एकगठ्ठा घेऊन गेलास तर काउंटरवरूनच परत येशील. पदवीधरच्या नोंदणीत एकगठ्ठा अर्ज घेत नाहीत, ना पक्षाकडून ना कार्यकर्त्याकडून. एका घरात, एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांनी एकमेकांचे दिले तर चालतं, मूळ कागद दाखवायचे. दुसरी सूट कुणाला हाय माहीत हाय का? कार्यालयप्रमुखाला आणि संस्थाप्रमुखाला, ते आपल्या स्टाफचे अर्ज एकत्र पाठवू शकतात. म्हणजे ज्याच्या हाताखाली चाळीस शाळा आणि पाच कॉलेजं हायत त्याची नोंदणी एका शिक्क्यात होती आणि तुझ्यासारख्यानं एकेकाला मोटारसायकलवर बसवून तहसीलला न्यायचं. कायदा कुणाच्या बाजूनं लिहिलेला नाही, पण वापरताना असा वापरला जातो.

आणि यादी दर वेळी नव्यानं होती हे लोकांना माहीत नसतं. 2020 ला नाव होतं म्हणून आता असंल असं नाही. 1 नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरतात, त्याच्या आधी पदवी होऊन तीन वर्षं झालेली पाहिजेत आणि माणूस इथला रहिवासी पाहिजे. विधानसभेच्या यादीतलं नाव इथं चालत नाही. निम्मे लोक मतदानादिवशी येऊन भांडतात की माझं ओळखपत्र हाय, मला कामून मत टाकू देत नाहीत. 

वाघोलीत_लातूरकर
नायबसाहेबांनी दुखती नस दाबली. इथला रहिवासी पाहिजे! अहो मराठवाड्याचा पदवीधर मराठवाड्यात राहायलाय का? आमच्या बी.एस्सी.च्या बॅचचा ग्रुप बघा, निम्मे वाघोली, चाकण, हिंजवडी. मी स्वतः लातूरला शाहूला शिकलो, आता इथं वन बीएचकेत. माझं मत पुणे विभागात. गावाकडं पदवीधर कोण उरलाय तर मास्तर, वकील, मेडिकलवाला, झेरॉक्सवाला आणि एमपीएससीचा अभ्यास करणारा. मॅडमचे सतरा वर्षांचे विद्यार्थी असतील पण मतदार किती असतील याचा हिशोब त्यांनी केलाय का?

हुरडा_आणि_चटणी
ओ वाघोलीकर, तिकडून सल्ले देऊ नका, आधी गावाकडं या :)

वाघोलीत_लातूरकर
पाणी आठ दिवसाला येतं का दहा, तेवढं सांगा, मग येतो.

परभणीची_माहेरवाशीण
बाकीचं नंतर, मला आडनावावर बोलायचंय.

लग्न झालं तेव्हा त्या मॅडमचं आडनाव बदललं. तेव्हा कुणी धागा काढला होता का की अरे ह्या पोरीचं नाव कुठं गेलं? नाही. मार्कमेमोवर एक, पॅनवर दुसरं, पीएच.डी.वर तिसरं, ॲफिडेविट करून करून आम्ही म्हाताऱ्या झालो. आणि आता तिनं बापाचं नाव परत लावलं की लगेच ढोंग? पुरुषाला हा प्रश्नच येत नाही. बापाचं आडनाव त्याला जन्मापासून फुकट चिकटलेलं असतं, त्याला बॅनरवर ठळक करावं पण लागत नाही.

मी पण राजकारणी घरातलीच हाय, लहान प्रमाणात. काका पंचायत समितीला होते. आमच्या ढेलजेत रोज वीस माणसं बसलेली असायची आणि त्यांचा चहा आम्ही पोरी करायचो. कुणाचा सातबारा अडकला, कुणाची पोरगी नांदवत नाहीत, कुणाला दवाखान्यात चिठ्ठी पाहिजे, सगळं कानावर पडायचं. माझ्या भावापेक्षा मला त्या तालुक्याची माणसं जास्त माहीत होती कारण तो क्रिकेट खेळायला जायचा आणि मी कपबशा विसळायचे. तिकिटाची वेळ आली तेव्हा भावाला विचारलं. मला नाही.

सीएचबीवाला
ताई, खरंय. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 

बालाघाट
ताईंचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. आडनाव लावलं याचा राग नाही, आडनावाबरोबर काय काय येतं ते बघा म्हणतो मी. आडनाव एकटं येत नाही, त्याच्यामागं चुलतभाऊ येतो, त्याचे ठेकेदार येतात, वडिलांच्या काळातले कार्यकर्ते येतात ज्यांची पोरं आता चाळीशीत हायत आणि ज्यांना अजून वाटतं की साहेबांनी शब्द दिला होता.

जालन्याचा_भंगारवाला
मला तर वेगळाच वास यायलाय. चुलतभाऊ बाजार समितीत हाय म्हणजे पुढं विधानसभेवर डोळा असणारच. बापाची सीट, खरं तर हक्क पोरीचा. मग पोरीला कुठं बसवायचं? पदवीधरला ढकला! जिंकली तर घरात अजून एक आमदारकी, हरली तर ताई, तुम्हाला एकदा संधी दिली होती असं म्हणायला मोकळे. आठ जिल्ह्यांत फिरून बाई दमून जाईल, भाऊ आरामात तालुका धरून बसंल. वाटण्या शेताच्याच होतात असं नाही.

गोदाकाठचा
भंगारवाल्याचं डोकं भंगारात वाया जायलंय. एकदम बरोबर.

पाटोद्याचा_पांड्या
मला जरा हे समजून सांगा, प्राध्यापकाला नोकरीत असताना उभं राहता येतं का? आमच्या इकडं एक सर म्हणायले राजीनामा द्यावा लागतो.

निवृत्त_नायब
सरकारी कॉलेजातले असतील तर राजीनामा द्यावाच लागंल. खासगी अनुदानित कॉलेजात पगार सरकार देत असलं तरी मालक संस्था असती, त्यामुळं तो सरकारी नोकर धरला जात नाही. संस्थेची परवानगी, रजा हे विषय वेगळे, आणि खरी मेख तिथंच असती. संस्था नाराज असली की रजेचा अर्ज टेबलावरून हलत नाही.

आणि एक गंमत सांगतो, बऱ्याच पदवीधरांना पण माहीत नसती. पदवीधर मतदारसंघात मतदार पदवीधर पाहिजे, उमेदवार पदवीधर असायची गरज नाही. सुप्रीम कोर्टाचा 1972 चा निकाल हाय, नारायणस्वामी म्हणून, मद्रासकडची केस होती. वय 30 पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, बास. शिक्षक मतदारसंघाचं पण तसंच, उमेदवार शिक्षक नसला तरी चालतो. तर तुझ्या मॅडम सतरा वर्षं शिकवतात ही कायद्याच्या दृष्टीनं पात्रता नाही, प्रचाराचा मुद्दा हाय.

पाटोद्याचा_पांड्या
म्हणजे दहावी नापास पण पदवीधर आमदार?? 

हुरडा_आणि_चटणी
पांड्या, लगेच फॉर्म भरू नको.

कळंबचा_वकील
खर्चाचं पण सांगून टाकतो. लोकसभा-विधानसभेला खर्चाची मर्यादा असते, विधान परिषदेला ती मर्यादाच नाही. आठ जिल्हे, 76 तालुके, 46 विधानसभा मतदारसंघ आणि खर्चाला कुंपण नाही. आता तुम्हीच सांगा, राजकारणी घर पाठीशी नसलेला, नुसता पगारदार प्राध्यापक यात कसा उतरणार? घराणेशाहीला नावं ठेवतो आपण, बरोबर हाय, मी पण ठेवतो, पण मैदानच असं आखलंय की ज्याच्या घरी चार गाड्या आणि प्रत्येक तालुक्यात एक सोयरा हाय तोच पळू शकतो. मॅडम सामान्य घरातल्या असत्या तर हा धागा निघालाच नसता, कारण त्या उभ्याच राहिल्या नसत्या.

निवृत्त_मास्तर_हिप्परगा
धागा उशिरा पाहिला. वय झालं, मोबाईलवर लिहायला वेळ लागतो.

राजकारणात मास्तर हे आपल्याकडं नवीन नाही. मराठवाड्याचं राजकारणच मास्तरांनी उभं केलं. स्वामी रामानंद तीर्थ आमच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, मग अंबाजोगाईला योगेश्वरीत. तिथून निजामाच्या विरोधात उभे राहिले, 1952 ला गुलबर्ग्यातून आणि 1957 ला औरंगाबादमधून खासदार झाले. संन्यासी माणूस, पुढं ना मुलगा ना पुतण्या. गोविंदभाई श्रॉफ पण आधी शिक्षकच. त्या पिढीत मास्तर राजकारणात जायचा तो शाळेमुळं. आता शाळा राजकारणामुळं निघते. उलटं झालं एवढंच, आणि ते माझ्या डोळ्यादेखत झालं. मी ज्या संस्थेत रुजू झालो तिच्या अध्यक्षांनी मला मुलाखतीत कवितेवर प्रश्न विचारला होता. मी निवृत्त झालो त्या वर्षी अध्यक्षांच्या नातवानं नव्या मास्तरला एकच प्रश्न विचारला, आकडा जमंल का.

बालाघाट
सर, तुम्ही जे शेवटी लिहिलं ना, मला तेच म्हणायचं होतं पण धीर होत नव्हता. त्यावर परत येतो.

वसमतची_हळद
सगळे घराणेशाहीवर तुटून पडले म्हणून दुसरी बाजू. वर्षा गायकवाड बघा. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात गणित शिकवायच्या, वडील एकनाथ गायकवाड राजकारणात. 2004 ला धारावीतून आमदार, मग सलग निवडून आल्या, शालेय शिक्षण मंत्री झाल्या, 2024 ला खासदार. आता कुणी म्हणतं का की वडिलांमुळं? सुरुवातीला म्हणले असतील. चार वेळा निवडून आल्यावर लोक बापाचं नाव विसरतात.

इथलं उदाहरण पाहिजे तर शिक्षक मतदारसंघ. वसंतराव काळे शिक्षक आमदार, त्यांच्यानंतर मुलगा विक्रम काळे, 2023 ला चौथ्यांदा. शिक्षकच मत देतात ना? शिकलेले लोक हायत, कुणी हात धरून शिक्का मारायला लावत नाही.

गोदाकाठचा
हळदताई/दादा, धारावी हा वडिलांचा स्वतःचा भाग होता, दोन-चार चौरस किलोमीटरमधला. मॅडमचं माहेर कुठं चालतं? त्यांच्या तालुक्यात आणि शेजारच्या अर्ध्या तालुक्यात. हदगावच्या किंवा वैजापूरच्या पदवीधराला त्यांच्या वडिलांचं नाव सांगा, तो विचारील कोण? आडनावाची नोट तालुक्याबाहेर सुट्टी होत नाही.

आणि स्वतःच्या भागात तरी कुठं पक्की असती? नांदेडला बघा ना 2024 ला. वसंतराव चव्हाण खासदार झाले, पन्नास हजारांच्या वर लीड. ऑगस्टमध्ये वारले. नोव्हेंबरात पोटनिवडणूक, मुलगा रवींद्र चव्हाण उभे, सहानुभूती होती, घराणं होतं, सगळं होतं, आले किती मतांनी? 1457. मोजणीच्या दिवशी आमच्याकडं कुणी जेवलं नव्हतं.

वसमतची_हळद
ताई. आणि आले ना शेवटी?

गोदाकाठचा
आले. पण 1457 म्हणजे एका मोठ्या गावाचं मतदान फिरलं असतं तर संपलं होतं, ताई.

कळंबचा_वकील
गोदाकाठनी जे लिहिलं त्यातूनच सीएचबीवाल्याचं उत्तर निघतं बघा. आडनाव आठ जिल्ह्यांत चालत नाही, मग काय चालतं? दोनच गोष्टी. एक म्हणजे संस्थेचं जाळं. आत्ताचे पदवीधर आमदार सतीश चव्हाण 2008, 2014, 2020 असे तीनदा निवडून आले, ते मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाचे सरचिटणीस, आणि मंडळाची शाळा-कॉलेजं किती पसरलीत ते सगळ्यांना माहीत हाय. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी. मॅडमकडं जाळं नाही. म्हणजे त्यांची सगळी मदार तुमच्यासारख्या पोरांवर हाय. घराणं त्यांचं, पण निवडणूक तुमच्या मोटारसायकलवर चाललीय. तर तुम्ही उपकाराखाली हात जोडून जायचं का, बरोबरीनं बसून चार प्रश्न विचारायचे, हे तुम्ही ठरवा.

सीएचबीवाला
वकीलसाहेब, हे वाचून जरा हुरूप आला. पण कोणते प्रश्न?

बालाघाट
आलो परत. दोनच विचार.

पहिला तुझ्या पोटाचा. तासिका तत्त्वावरचं काय करणार? तुझ्यासारखे सेट-नेट, पीएच.डी. झालेले किती वर्षं नऊ महिने शिकवून तीन महिने बेकार बसायलेत, पैसे कधी दिवाळीनंतर तर कधी वर्ष संपल्यावर. पदवीधरांचा आमदार तुझा आवाज असायला पाहिजे, आणि मॅडम रोज तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात. त्यांना तरी सांगायची गरज पडू नये.

दुसरा हिप्परग्याच्या सरांचा. माहेरची संस्था हाय का? असणारच, दोन टर्म आमदारकी आणि संस्था नाही असं घर दाखव मला. तिथं भरतीला पैसे घेतात का? हा प्रश्न सगळ्यांसमोर नको, एकटा असताना विचार. आणि उत्तरापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लागला ते बघ.

परभणीची_माहेरवाशीण
दुसरा प्रश्न बाईला विचारायला सोपा हाय हो. तिच्या भावाला कुणी विचारलाय का आजपर्यंत?

बालाघाट
नाही विचारला ताई. भाऊ आमच्यासमोर हात जोडून आला तर त्याला पण विचारू. तो येत नाही, त्याची गाडी येते.

हुरडा_आणि_चटणी
मी पैज लावतो, हा पोरगा विचारणार नाही. परत सुशीला खाऊन येईल.

औंढ्याचा_कारकून
विषयाला सोडून हाय पण सांगतो, मतदान करताना आकडा लिहायचा, 1, 2, 3 असा पसंतीक्रम. अक्षरात ‘एक’ लिहिलं तरी बाद, टिक केली तरी बाद, सही केली तरी बाद. केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात तोच वापरायचा. मी 2020 ला मतमोजणीला होतो, हजारोंनी मतं बाद झालेली आमच्या विभागात. सगळे पदवीधर बरं का. एकानं तर उमेदवाराच्या नावापुढं शुभेच्छा लिहिल्या होत्या. गावाकडं न शिकलेली म्हातारी बरोबर बटन दाबती.

निवृत्त_नायब
कारकून, तुमची ती शुभेच्छावाली मतपत्रिका आमच्या टेबलवर पण आली होती बहुतेक, अक्षर फार सुंदर होतं.

सीएचबीवाला
मंडळी, अपडेट द्यायला अकरा दिवस लागले, माफ करा. तास पण होते आणि जरा मन पण होत नव्हतं.

गेलो. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर. स्टाफरूममध्ये दोघंच होतो, शिपाई खिडक्या लावायला होता. हुरडावाले, पैज हरलात.

सीएचबीचं विचारलं. मॅडम लगेच बोलल्या, आणि मला आवडलं कारण त्या भाषण करत नव्हत्या, वर्गात बोलतात तसं बोलल्या. म्हणाल्या, मी निवडून आले की तासिका पद्धत बंद होईल असं कुणी सांगत असंल तर तो खोटं बोलायलाय. विधान परिषदेत 78 सदस्य, त्यात पदवीधरांचे 7 आणि शिक्षकांचे 7, पैसा वित्त विभागाच्या हातात. मी प्रश्न लावू शकते, लक्षवेधी आणू शकते, पैसे दर महिन्याला द्या म्हणून मागं लागू शकते. तेवढं मी करीन, आणि नाही केलं तर तू स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांसमोर विचार. मला पटलं. उगं आश्वासन दिलं असतं तर मी तिथूनच गठ्ठा परत दिला असता.

मग दुसरं विचारलं. तोंड कोरडं पडलं होतं, शब्द पण नीट जुळले नाहीत, मी म्हणलं मॅडम तुमच्या माहेरच्या संस्थेत मास्तर लागताना काही... असं अर्धंच. त्यांना कळलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. शिपाई खिडकी लावून गेला तोवर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"दादाला विचारावं लागंल."

एवढंच. मी उठलो. दारापर्यंत आलो तर मागून म्हणाल्या, तुला त्या पेपरात 17 कामून दिले होते माहीत हाय का, तीन मार्क उदाहरण अर्धवट लिहिलं म्हणून कापले होते. मला काय बोलावं कळंना.

जालन्याचा_भंगारवाला
दादाला विचारावं लागंल!! संपला विषय. बॅनरवर फोटो कुणाचा पण असू दे, उमेदवार दादाच हाय.

परभणीची_माहेरवाशीण
मी हे वाचून बराच वेळ मोबाईल खाली ठेवून बसले. भंगारवाले, तुम्हाला त्यात उमेदवार दादा दिसला. मला त्यात एक बाई दिसली जिला खोटं बोलता आलं असतं, "छे छे, आमच्याकडं तसलं काही नाही" म्हणायला काय लागतं, सगळे तेच म्हणतात. ती म्हणाली नाही. तिनं कबूलच केलं की ते दार तिच्या हातात नाही.

बालाघाट
ताई, कबूल केलं हे चांगलंच. पण आमदार झाल्यावर पण ते दार दादाच्याच हातात राहणार ना? मग प्रामाणिकपणा घेऊन आम्ही काय करू? मी त्या बाईला वाईट म्हणत नाही, तिची सत्ता किती हाय ते मोजायलोय.

निवृत्त_मास्तर_हिप्परगा
तीन मार्क कापलेल्याचं तिनं आठवण ठेवून सांगितलं, मला ते महत्त्वाचं वाटलं. सीएचबीवाल्या, ते उदाहरण पूर्ण कर आणि तिला दाखव. मास्तर माणूस आहे, वाचेल.

कळंबचा_वकील
मी असतो तर नोंदणी केली असती, पसंती राखून ठेवली असती. नोंदणी ही तुझी आणि तुझ्या गावातल्या पोरांची, ती कुणाची देणगी नाही. यादीतच नाव नसंल तर राग कुठल्या पेटीत टाकणार? आणि इथं पसंतीक्रम हाय, एक नंबर मॅडमला द्यायचा का दोन नंबर, तो शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्या हातात.

हुरडा_आणि_चटणी
पैज हरलो, मान्य. कुठं येऊ सुशीला खायला?

सीएचबीवाला
हुरडावाले, या कधी पण, सुशीला माझ्याकडून.

वकीलसाहेबांचं पटलं. गठ्ठा परत दिला नाही. 41 फॉर्म झाले, एकेकाला नेऊन, नायबसाहेब म्हणले तसं. त्यातले सगळे मॅडमला मत देतील असं नाही आणि तसं मी मॅडमना सांगून टाकलंय. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. दादाला विचारलं का ते मी अजून विचारलं नाही, त्यांनी पण सांगितलं नाही. रोज स्टाफरूममध्ये समोरासमोर डबा खातो, ठेचा इकडून तिकडं जातो, विषय निघत नाही. आणि उदाहरण लिहायला घेतलंय सर, दोन पानं झाली.

एक अडचण हाय, नायबसाहेब. राहिलेल्या नऊ जणांतल्या सहा जणांनी विद्यापीठातून डिग्रीच काढलेली नाही, कॉन्व्होकेशनचा फॉर्म कुणी भरलाच नाही. नुसता शेवटच्या वर्षाचा मार्कमेमो हाय.

निवृत्त_नायब
आमच्याकडं मार्कमेमो अटेस्टेड करून घेत होतो. ओरिजिनल सोबत ठेवायला सांग, आणि दुपारी दोनच्या आत जा, नंतर क्लार्क जागेवर सापडत नाही.